रंगाखालचे आकडे

ऑइलपेंटचा वास आला की मला मूर्तिजापूरची जिनिंग फॅक्टरी आठवते. साठच्या आसपासचा काळ, मी तिथे वायरमन म्हणून नवाच लागलो होतो. खंडेनवमीच्या पूजेसाठी मजुरांनी यंत्रं रंगवली, आणि त्याच हौसेनं फ्यूजांकडे उतरणाऱ्या केबली, त्यांना बांधलेले मशीनच्या नंबरांचे पत्र्याचे बिल्लेसुद्धा हिरवेगार करून टाकले. पूजा झाली, काम सुरू झालं आणि चार नंबरच्या मशीनमध्ये कापूस अडकला. तो काढायला फिटर आत हात घालणार होता. मॅनेजर म्हणाले, "डावीकडून चौथा फ्यूज काढ. कायले येळ लावून राहिला? कापसाच्या बैलबंड्या उभ्या हायेत दारात!" मी म्हटलं, "बिल्ला वाचल्याबिगर नाई काढत, साहेब." ते तापले, ओरडले, मी घासलेटच्या चिंधीनं एकेक बिल्ला घासत राहिलो. डावीकडून चौथ्या केबलीवर सहाचा आकडा निघाला. चारचा बिल्ला पार उजव्या टोकाला होता. मी तो फ्यूज उपसला, फिटरच्याच खिशात टाकला आणि म्हटलं, "आता घाल हात." आज घरी रंगारी आलाय, आणि मी सकाळपासून मीटरबोर्डासमोर खुर्ची टाकून बसलोय.