ओल्या फरशीचा पिवळा बोर्ड

आधी बिन्सीचेचीचं नाव लिहिते, मग काय झालं ते. चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई. ती केरळची, आमची सुपरवायझर. तिने त्या दिवशी कोरड्या फरशीवर ओल्या फरशीचा बोर्ड ठेवला नसता, तर माझी नोकरी तिथेच संपली असती.

त्या सकाळी मी महिलांच्या चेंजिंग रूममध्ये वायपर मारत होते. आखातातल्या शहरातला मोठा स्विमिंग पूल, आंतरराष्ट्रीय स्पर्धा, देशोदेशीच्या मुली. पूल आणि आमच्यात एक भिंत. स्पर्धा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, पण मी एकही शर्यत पाहिली नव्हती. ऐकल्या मात्र सगळ्या. शिट्टी व्हायची, मग सगळं एकदम गप्प, मग भोंगा, मग आरडाओरडा.

माझी मुलगी धारूरला माझ्या आईकडे असते. फोनवर म्हणाली, "आई, म्या लाइव्ह बघितलं. तू कुठंच दिसली न्हाईस."

"मी आत असते ग."

"मग पवणाऱ्या बाया तरी बघतीस का न्हाई?"

"बघते की. केस वाळवताना."

ती हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र खोलीत कुणाशी बोलावं तर मराठी येणारं कुणी नाही.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलं होतं. खेळाडूशी बोलायचं नाही. फोटो काढायचा नाही. अंगाला हात तर अजिबात लावायचा नाही. हात लावला तर सरळ घरचं तिकीट. मी सातवीनंतर शाळा सोडलेली बाई. दुसरी नोकरी कोण देणार? म्हणून मी खाली मान घालून काम करायची. दारावर टकटक झाली तरी वायपर उचलून कोपऱ्यात सरकायची.

तर त्या सकाळी शेवटच्या बाकावर एक मुलगी टॉवेल गुंडाळून रडत बसली होती. गळ्यातल्या पासवर नाव होतं, लेआ. कुठल्याशा लहान बेटावरून आलेली. त्यांच्या संघात बाई अशी ती एकटीच. कोच पुरुष, तो दाराबाहेर उभा राहून तिला हाका मारत होता. आत येऊ शकत नव्हता.

तिची शर्यत होती दोनशे मीटर आयएम. म्हणजे इंडिव्हिज्युअल मेडले. एकाच मुलीने चारही प्रकार एकापाठोपाठ पोहायचे. आधी बटरफ्लाय, मग पाठीवर बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाइल. आमच्याकडे मुली पाण्याजवळ जातात त्या भांडं घेऊन, त्यामुळे मला हे सगळं तिथेच कळलं.

अडचण पोहण्याची नव्हती, सूटची होती. शर्यतीचा सूट साधा नसतो. त्याला टेक सूट म्हणतात. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि इतका घट्ट की घालायला अर्धा तास जातो. जोरात ओढला, नख लागलं, की टरकन फाटतो. बाकीच्या मुली दोघी-दोघी मिळून एकमेकींना घालायच्या. हिला कुणीच नव्हतं. सूट मांड्यांवर अडकला होता. ती ओढत होती, घाम येत होता, घामाने तो आणखीच चिकटत होता. दुसरा सूट तिच्याकडे नव्हता.

आणि तिला कॉल रूममध्ये पोचायचं होतं. शर्यतीआधी सगळ्यांना तिथे हजर व्हावं लागतं. उशीर झाला की नाव कट. इतक्या लांब येऊन पाण्याला पायसुद्धा न लावता परत जायचं.

मी वायपर मारत तिच्यापासून लांब गेले. मग परत जवळ आले. मग पुन्हा लांब.

शाळा सुटल्यावर मी धारूरच्या बाजारात रुक्मिणमावशीच्या बांगड्यांच्या दुकानात होते. लग्नसराईत बायकांची रांग लागायची. हात मोठा, बांगडी लहान, आणि बाईला तीच हवी. पहिल्याच आठवड्यात मी एका नवरीच्या हातावर काच फोडली. मावशी म्हणाली, "ओढायलीस कावून ग? आधी तिचा हात ढिला पडू दे. माहेर इचार की तिचं."

मावशी तसंच करायची. हाताला पातळ कॅरीबॅग चढवायची, म्हणजे बांगडी घसरते. आणि विचारायची, "कुठली ग तू? भाऊ किती?" बाई बोलायला लागली की हात आपोआप सैल सुटायचा. बोलता बोलता बांगडी मनगटावर.

मी कचऱ्याच्या ट्रॉलीवरच्या नव्या पिशव्यांमधली सर्वांत पातळ पिशवी काढली. तिच्यासमोर धरली. पायाकडे बोट दाखवलं. तिला कळलं. सूट पुन्हा खाली उतरवला, पावलाला पिशवी चढवली, आणि मी गुडघे टेकून बसले. नखं आत घेतली, तळहाताने सरकवायला लागले. गुडघ्यापर्यंत आला आणि अडला. तिने अंग दगडासारखं ताठ धरलं होतं.

मी म्हटलं, "मदर? युवर मदर, व्हेअर?"

तिने मान वर केली. मग बोलायला लागली. भराभर, तिच्याच भाषेत. मला एक अक्षर कळलं नाही. मी मराठीत म्हणत होते, "व्हय का? आन् मग?" मधेच ती हसली. मांडी सैल पडली. सूट चढायला लागला.

तेवढ्यात पलीकडून कुठल्यातरी संघाच्या मॅनेजर बाई येताना दिसल्या. मी हात थांबवले. त्यांच्या वाटेत बिन्सीचेची आली. तिने पिवळा बोर्ड फरशीवर आपटून ठेवला.

"मॅडम, फ्लोअर वेट. प्लीज, दॅट साइड."

"इट्स ड्राय!"

चेचीने खाली बघितलं. मग माझी बादली पायाने कलंडवली.

"नाउ वेट," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता हिंदीत, "तू हात चालव ग. बघत काय बसलीस?"

शेवटचे पट्टे खांद्यावर चढवायला जोर लागतो. मी उचलून धरले, लेआने खांदे आत घेतले. झालं. कुठे उसवलं नाही, फाटलं नाही. ती दाराकडे पळाली. थँक्यू म्हणायलाही थांबली नाही. थांबली असती तर मीच हाकललं असतं.

मी पाणी पुसत होते तोवर बोलावणं आलं. मॅनेजर बाईंनी तक्रार केली होती. ऑफिसात साहेब खुर्चीत, चेची आणि मी उभ्या.

"खेळाडूला हात कुणी लावला?"

मी तोंड उघडलं. चेचीने तिचा बूट माझ्या बुटावर ठेवला.

"मी लावला, सर."

"नियम माहीत नाही?"

"माहीत आहे, सर. मीच शिकवते."

भिंतीपलीकडे शिट्टी झाली. एकेक नाव पुकारलं जात होतं. लेआचं नाव आलं. साहेब चेचीला बोलत होते, मी भिंतीला कान लावल्यासारखी उभी. भोंगा वाजला. आरडाओरडा वाढत गेला, एकदम फुटला, म्हणजे कुणीतरी जिंकलं. मग ओसरला. आणि मग, बऱ्याच वेळाने, दुसऱ्यांदा टाळ्या वाजल्या. सावकाश, आपुलकीच्या. मी समजले, पोचली.

परत आले तेव्हा बाक रिकामा होता. लेआ येऊन गेली होती. बाकावर ती पिशवी नीट घडी घालून ठेवलेली. टेक सूट काढायलाही दोघी लागतात. तिच्यासोबत कोण होतं, मला माहीत नाही.

दुपारी मी मुलीला लेआचं नाव कळवलं होतं, संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, तू म्हणतीस ती पोरगी शेवटची आली बघ."

"सूट कुठं फाटला-बिटला न्हाई ना?"

"न्हाई. कावून?"

"काही न्हाई."

चेचीला दुसऱ्या दिवसापासून तळघरातल्या पार्किंगच्या टॉयलेटवर टाकलं. मी भेटायला गेले तर म्हणाली, "रडू नको. माझं कॉन्ट्रॅक्ट तसंही संपत आलंय. तुझी पोर लहान आहे." मग ते संपलं आणि ती गावी गेली. नवी सुपरवायझर चांगली आहे, पण माझं नाव तिला अजून नीट घेता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत आता मी एकटीच बसते.

या कामातून मी शिकले ते एवढंच. टेक सूटला नख लावायचं नाही. बोर्ड कोरड्या फरशीवर ठेवायचा असेल, तर बादली जवळ असू द्यावी.

चेचीची मुलगी नर्सिंग शिकते. तिच्या लग्नाला मी केरळात जाणार आहे, कसंही करून. त्यांच्यात काचेच्या घालत नाहीत म्हणे, सोन्याच्या घालतात. असोत. त्या पोरीच्या हातात बांगड्या मीच चढवीन, ओरखडाही पडू देणार नाही. चेची, तेवढं काम माझ्यासाठी ठेव.