गजकर्णाची गोळी

सोलापूरच्या उन्हाळ्यात गजकर्ण कुणाला होत नाही? आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष चौकात उभं राहून खाजवतात आणि कुणी बघितलं की पँट नीट करतोय असं दाखवतात. माझे सासरे त्यातले नव्हते. ते मूळचे मंद्रूपचे, जुन्या वळणाचे. सुनेसमोर सदऱ्याचं वरचं बटणही कधी उघडं ठेवायचे नाहीत. सासूबाई गेल्यापासून स्वतःच्या शरीराविषयी ते घरात कुणाशीच बोलत नसत. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो.

त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी रोज जेवणानंतर मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवायची. ती चुकली की मला राग यायचा.

एप्रिलमध्ये त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या. आधी जिना चढताना, मग बसल्या जागेवरून उठताना. मी तेल गरम करून दिलं, ते त्यांनी खोलीचं दार लावून चोळलं. लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला हळूच सांगितलं. उन्हाळी लागली असणार, असं आम्ही धरून चाललो. इथं ती सगळ्यांनाच लागते. मी सब्जा भिजवला, धण्याचं पाणी दिलं.

मग एक दिवस त्यांना खुर्चीतून उठताच येईना. नवरा दुकानात होता, म्हणून रिक्षा करून जवळच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "हृदयाच्या गोळ्या सोडून दुसरं काही घेता का?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"न्हाय की."

उन्हाचा त्रास म्हणून डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि घरी पाठवलं. त्या दिवशीही जेवणानंतर मी त्यांच्या हातावर गोळी ठेवली.

लघवी बंद झाली तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं मला बाहेर बसवल्यावर ते मुलाशी बोलले. जांघेत गजकर्ण झालं होतं. मेडिकलमधून कॅप्सूल आणून ते कितीतरी दिवस गुपचूप घेत होते. त्या कॅप्सूलमुळे कोलेस्टेरॉलची गोळी रक्तात साठत गेली, स्नायू तुटायला लागले आणि त्यांचा गाळ किडनीत जाऊन बसला, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. दोन्ही औषधं आधीच थांबवली असती तर कदाचित किडनी वाचली असती. त्यांनी डायलिसिस सुरू केलं.

खोटं कशाला बोलू, मला दुःखाआधी राग आला. या माणसाच्या तापात मी कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, उलट्या काढल्या होत्या. आणि जिवावर बेतेपर्यंत एका खाजेची लाज?

वॉर्डात आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, "अप्पा, मी सून नसते, तुमची लेक असते, तर सांगितलं असतंत का डॉक्टरांना?"



"लेकीम्होरं बी न्हाय," ते म्हणाले. "तुला लई तरास झाला बघ." आणि त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

पुढच्या डायलिसिसच्या आधीच ते गेले. घरी आणल्यावर अंघोळ घालायला पुरुष आत जमले. मी गरम पाण्याची बादली उंबऱ्यापर्यंत नेली. नवऱ्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि दार लावून घेतलं.