ऑर्व्हल टीगची काडतुसं

ऑर्व्हल टीग आणि त्याची बायको नेडीन माझे शेजारी. अमेरिकेतल्या आर्कान्साच्या डोंगरात, आमच्या खोऱ्यात, ट्रकनं आणून ठेवलेल्या पातळ भिंतींच्या लांबुळक्या घरात ते राहायचे. ऑर्व्हलची उमर लाकडाच्या गिरणीत गेली. करवतीच्या आवाजानं त्याचा डावा कान गेला तो गेलाच. नेडीनची स्मरणशक्ती अलीकडे ओसरत चालली होती. सकाळी विचारलेलं ती सकाळीच पुन्हा विचारायची आणि ऑर्व्हल, पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून, पुन्हा उत्तर द्यायचा.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर रस्त्याच्या खालच्या अंगाला घरफोड्या झाल्या. एका घरात तर माणूस आत असताना चोर शिरले. आमच्या खोऱ्यात पोलीस पोचेपर्यंत चोर जेवून, भांडी घासून जाईल अशी स्थिती. ऑर्व्हलनं कपाटावरची बापाची बारा बोअरची बंदूक काढली, तेलपाणी केलं आणि माझ्या दारात आला.

"गाडी काढतोस? काडतुसं आणायचीत."

नेडीनला एकटं सोडायची सोय नव्हती, म्हणून ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली.

खिळे, दोरखंड, कोंबड्यांचं खाद्य आणि काडतुसं आमच्याकडे एकाच दुकानात मिळतात. दुकान रेने प्रुइटचं. नेडीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती तेव्हा रेनेनं तिच्या हातचं खाल्लेलं.

"हरणाची दे," ऑर्व्हल म्हणाला. "एकच मोठी गोळी असते ती. आलेला परत उठता कामा नये."

"काका, ती गोळी चोराला लागून तिथंच थांबेल असं कोण म्हणालं?" रेने म्हणाली. "दारातल्या माणसावर झाडलीत, तर त्याच्यामागं काय आहे?"

"बैठकीचं दार आतल्या बोळात उघडतं. मागं भिंत."

"भिंतीमागं?"

"नेडीनची खाट."

"आणि त्याच्याही मागं?"

ऑर्व्हलनं माझ्याकडं पाहिलं. "ह्याचं स्वयंपाकघर."

"मग मलाही विचाराल की नाही?" मी म्हणालो.

"बरं, बारीक छर्रे दे," ऑर्व्हल म्हणाला. "बदकांवरचे."

"बारीक भिंतीपलीकडे कमी जातात, पण धिप्पाड माणूस थांबेलच असं नाही. जाड छर्रे माणसाला थांबवतात, पण ते भिंतीलाही जुमानत नाहीत. मधलेही आहेत." रेनेनं गल्ल्यावरचे हात झटकले. "माझं नका ऐकू. उद्या आमच्या शेतावर या, डोळ्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी तिनं मातीच्या बांधापुढे, तसल्या घरांच्या भिंतींना लागतात ते जिप्समचे उरलेले तक्ते चौकटींना ठोकून एकामागं एक भिंती उभ्या केल्या होत्या, खोलीएवढं अंतर ठेवून. ऑर्व्हलनं आधी मोठी गोळी झाडली. ती सगळ्या भिंती ओलांडून बांधात गेली. जाड छर्रेही गेले. मधले शेवटच्या भिंतीपर्यंत विरळ झाले, पण पोचले. बारीक छर्‍यांनीसुद्धा पहिल्या भिंतीला मुठीएवढं भोक पाडलं आणि दुसरीवर देवीचे व्रण उठावेत तसे ठिपके उठवले. दर खेपेला ऑर्व्हल दुसऱ्या भिंतीपाशी जाऊन भोकात बोट घालून बघायचा. शेवटी तिथंच तळहात टेकवून उभा राहिला.

"इथं तिचं डोकं असतं," तो म्हणाला.

नेडीन गाडीच्या मागच्या फळीवर शाल पांघरून बसली होती. मी तिच्या कपात कॉफी ओतत होतो. तरुणपणी ती ऑर्व्हलपेक्षा चांगली नेमबाज होती.

"खांदा सैल सोडतोय," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी आली. "तुला म्हणून सांगते. आमच्या घरात एक माणूस येतो."

"कोण?"

"कोण जाणे. म्हातारा आहे. माझ्या पायांत मोजे चढवतो. चांगला आहे बिचारा. पण दिवस मावळला तरी आपल्या घरी म्हणून जात नाही. ऑर्व्हल आला की सांगणारे मी त्याला. आणि नाही आला, तर बंदूक आहे कपाटावर. मला येते चालवता."

मान वळवून बघतो तर ऑर्व्हल भिंतींकडून येऊन गाडीशीच उभा, चांगला कान आमच्याकडे. त्यानं सगळं ऐकलं होतं.

तो तिच्याशेजारी बसला. "त्या म्हाताऱ्याची भीती वाटते तुला?"

"दिवसा नाही. अंधारलं की वाटते."

"बरं. बघतो मी."

रेने मधल्या छर्‍यांचा खोका घेऊन आली. "हीच घ्या, काका. आणि खाट हलवा."

ऑर्व्हलनं खोका तिला परत दिला. पाठोपाठ रिकामी बंदूकही दिली. "दुकानाच्या तिजोरीत ठेव."

"आणि चोर आला तर?"

"टीव्ही नेईल. इतका जड आहे, त्याच्याच कमरेत उसण भरेल."

रेने हसली नाही. तिनं बंदूक दोन्ही हातांनी धरली, लेकरू धरावं तशी. पुढच्या आठवड्यात ती लोखंडी अडसर आणि माणूस जवळ आला की आपोआप लागणारा दिवा घेऊन आली. आम्ही ते बसवले. एक घंटा त्यांच्या उशाशी अशी बसवली, की बटण दाबताच माझ्या घरात वाजावी. "वाकडं बसवताय," म्हणत नेडीन आमच्यावर देखरेख करत होती. चोर आमच्या रस्त्याला फिरकले नाहीत. वसंतात कुठंतरी पलीकडे पकडले गेले.

मात्र त्या दिवसापासून संध्याकाळी एक नवीन गोष्ट सुरू झाली. ऑर्व्हल टोपी घालायचा आणि म्हणायचा, "येतो हं, बाई." मागच्या दारानं बाहेर पडायचा, घराला वळसा घालायचा, गिरणीतला जुना कोट चढवायचा आणि पुढच्या दारातून मोठ्यानं हाक मारायचा, "नेडीन, मी आलो!"

"किती उशीर!" ती लगबगीनं यायची. "तो म्हातारा आत्ताच गेला बघ."

"जेवून गेला का?"

"हो. तुझं झाकून ठेवलंय."

आणि खरंच मक्याची भाकर आणि घेवडा झाकलेला असायचा. ऑर्व्हलनंच तो दुपारी शिजवलेला असे. नेडीन पुढं दोन हिवाळे जगली. बर्फ असो, पाऊस असो, घराभोवतीच्या त्या वळशाची पायवाट कधी बुजली नाही. मला ती माझ्या स्वयंपाकघरातून दिसायची.