कारणाचा रकाना

श्री. सिद्रामप्पा हावशेट्टी, म्हणजे आम्हा सर्वांचे अप्पा, यांचं पहिलं दर्शन मला झालं ते पाठमोरं. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. सोलापूरच्या एका कापड गिरणीत नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि मी, मोहोळची नवी कोरी बी.एस्सी., तिथे पंच ऑपरेटर म्हणून, म्हणजे कार्डांवर भोकं पाडून नोंदी करायला, रुजू व्हायला गेले होते. काचेच्या खोलीत कपाटाएवढ्या यंत्रात डोकं घालून एक गृहस्थ उभे होते. मी चाचरत नमस्कार म्हटलं. आतूनच आवाज आला, "चपला बाहेर काढल्या का? धूळ चालत न्हाय हितं." काढल्यात म्हटल्यावर ते वळले आणि हसले. "मग या की. घाबरू नका, हे चावत न्हाय."

अप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी दोन चांगले शब्द लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी अप्पांनाच विचारायला गेले. ते म्हणाले, "चांगलं चांगलं सगळेच लिवतील. तू ती यादीची गोष्ट लिही." ती गोष्ट माझ्या फजितीची आहे. गौरव अप्पांचा आणि अब्रू माझी जाणार, पण त्यांचा शब्द मी आजवर एकदाच मोडला आहे आणि त्याचीच ही हकिकत आहे.

अप्पा मूळचे मंद्रूपचे. घरात कानडी, गिरणीत मराठी आणि पुस्तकातली इंग्रजी, असा त्यांचा कारभार. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. यंत्राबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी पानापानाने वाचून काढली होती. मुंबईहून दुरुस्तीला येणारे इंजिनिअर टाय बांधून येत, आणि अप्पांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता दुपारपर्यंत त्यांचा टाय सैल झालेला असे. मला कार्डं पंच करण्यावरून थेट यंत्र चालवायला बसवलं तेव्हा, मुलीला हे झेपेल का, अशी कुजबुज झाली. अप्पांनी वाद घातला नाही. एका रविवारी ते बसने मोहोळला आले, माझ्या वडिलांसमोर बसून चहा प्याले आणि म्हणाले, "तुमच्या मुलीला आकड्यांची भीती न्हाय. तिला थांबवू नका." माझे वडील त्या दिवशी स्वतः त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले.

आता मुख्य गोष्ट. त्या यंत्राची मेमरी इतकी लहान होती की आजच्या तरुणांना सांगितलं तर ते माझ्या वयाकडे बघून माफ करतात. ती तेवढीच मेमरी तीन ठिकाणी वाटावी लागे. एक भाग यंत्राच्या स्वतःच्या कारभाराला. दुसरा, नोंदी वाचून क्रमाने लावण्यासाठी. तिसरा भाग एका तक्त्यासाठी, ज्यात प्रत्येक कामगाराचे भरलेले दिवस जमा होत जात. कुणाला किती जागा, ते आकडे कामाच्या सुरुवातीला एका कार्डावर द्यायचे. अप्पांनी ते विचारपूर्वक ठरवले होते आणि यंत्राच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. आकडा बदलला की त्यावर तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि सही. मला सक्त ताकीद होती, अप्पा नसताना आकडे हलवायचे नाहीत.

वर्षातून एकदा गिरणीत बदली कामगारांची यादी निघे. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं, हे बदलीचं जिणं. वर्षभरात ठरलेले दिवस भरले की नाव यादीत लागे आणि माणूस कायम होई. त्या वर्षी यादी कॉम्प्युटरवर प्रथमच निघणार होती, आणि नेमके त्याच आठवड्यात अप्पा पुतणीच्या लग्नासाठी करकंबला गेले होते.

नोंदी क्रमाने लावायचं काम फार रेंगाळत होतं. मागच्या महिन्यात दिवसांचा तक्ता निम्मा रिकामा राहिला होता, हे मी स्वतः पाहिलं होतं. मनात आलं, ही रिकामी जागा उगाच अडकून पडली आहे. मी ती काढून नोंदी लावायला दिली. संध्याकाळपर्यंत चालणारं काम दुपारच्या जेवणाआधी संपलं! मी खोलीत एकटीच होते म्हणून बरं, नाहीतर स्वतःची पाठ थोपटताना कुणीतरी पाहिलं असतं. कागदावर नोंद करायचंही मी टाळलं. यादीवर साहेबांची, म्हणजे गिरणीच्या मॅनेजरांची, सही झाली आणि ती फाटकावर लागली.

दुसऱ्या दिवशी विणकाम खात्यातले नरसय्या काचेच्या दारापाशी आले. तेलुगू घरातला, पन्नाशीकडे झुकलेला, अबोल माणूस. म्हणाले, "बाई, माझं नाव न्हाय की यादीत. दिवस भरल्यात माझे. जॉबरला, आमच्या मुकादमाला इचारा." कायम होण्यासाठी वयाची अट होती आणि पुढच्या यादीपर्यंत नरसय्या ती ओलांडणार होते. म्हणजे ही शेवटचीच संधी. हे सगळं त्यांनी मला सांगितलं. आणि मी काय म्हणाले? "मशीन चुकत नाही हो." त्यांनी काचेतून यंत्राकडे एकदा पाहिलं, "व्हय बाई" म्हणाले आणि निघून गेले. ते दोन शब्द मला आजही सहन होत नाहीत.

अप्पा परतले. लग्नाचे लाडू माझ्या हातावर ठेवले. मी उत्साहाने काम किती लवकर झालं ते सांगितलं. त्यांनी लाडूचा डबा बंद केला. "जागा कुठनं आणलीस?" मी सांगितलं. त्यांनी शेवटच्या क्रमांकांच्या कार्डांचा गठ्ठा काढला आणि यादीशी एकेक ताडून पाहू लागले. तक्ता भरल्यावर पुढच्या क्रमांकांचे कामगार प्रोग्रामने मुकाट्याने सोडून दिले होते. नरसय्यांसारखी आणखी काही नावं गळाली होती. "मागचा म्हैना ज्वारी काढायचा," अप्पा म्हणाले. "निम्मे बदली गावाकडं गेलेले. म्हणून तक्ता रिकामा दिसला तुला. वर्षाच्या यादीला सगळी माणसं येणार की."

साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. सही झालेली यादी मागे घेतली तर बोभाटा होईल, कॉम्प्युटरवर कुणाचा विश्वास राहणार नाही, कदाचित तुमचं खातंच बंद करावं लागेल. अप्पा शांतपणे म्हणाले, "खातं बंद करा साहेब. पण यादी आधी दुरुस्त होईल." मी दाराबाहेर उभी राहून हे ऐकलं. यादी खाली उतरली.

खोलीत आल्यावर मी रडवेल्या आवाजात विचारलं, कागदावर माझं नाव लिहू का? मला वाटलं होतं, ते नको म्हणतील. "लिही," ते म्हणाले. मी जुना आकडा, नवा आकडा लिहिला, सही केली. मग त्यांनी पट्टी घेतली, कागदावर आणखी एक रकाना आखला आणि डोक्यावर लिहिलं, 'कारण'. माझ्या नोंदीसमोर त्या रकान्यात त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलं, 'नियम सांगितला, कारण सांगितले नाही', आणि खाली स्वतःची सही केली.

त्या दुपारी अप्पांनी मला मेमरी शिकवली. "मंद्रूपचा आठवड्याचा बाजार बघितलास? मैदान एकच हाय. भाजीवालीला चार हात जादा दिलेस, तर कुणाचे तरी चार हात जाणार. बरं, एकीला दिलेस तर चालतंय. पण तशा चाळीस जणी आल्या म्हणजे? आणि गाडी जायला वाट ठेवलीच न्हाय, तर बाजारच भरणार न्हाय." वाट म्हणजे यंत्राचा स्वतःचा कारभार. मग ते म्हणाले, एका वेळी एकच आकडा हलवायचा, सगळ्यात गर्दीच्या दिवशी काय होतंय ते बघायचं आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा.

पुढे मी बरीच यंत्रं पाहिली. निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची वर्षं डेटाबेस सर्व्हरवर गेली. मेमरी अफाट वाढली, पण भांडण तेच होतं. हाताखालची हुशार मुलं प्रत्येक जोडणीला, म्हणजे एकेका वापरणाऱ्याला, मिळणारी क्रम लावायची जागा दिमाखात वाढवून ठेवत आणि शेकडो माणसं एकदम कामाला बसली की सर्व्हर मान टाकत असे. मी त्यांना मंद्रूपला न्यायची, अर्थात तोंडानेच. सेटिंगच्या फाईलमध्ये प्रत्येक आकड्यासमोर कारण लिहिल्याशिवाय मी कुणाला घरी सोडलं नाही. ती मुलं मला मागून काय म्हणत ते मला ठाऊक आहे.

पुन्हा गिरणीकडे येते. नवी यादी निघाली त्याच्या दुसऱ्या सकाळी अप्पा मला घेऊन फाटकावर गेले. बदली कामगार रोजच्यासारखे उभे होते. अप्पांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "आमच्या खात्याकडनं चूक झाली. तुमचे दिवस बरोबर हुते." मग यादी माझ्या हातात दिली. "बाई, गळालेली नावं वाचा." मी एकेक नाव वाचत गेले. नरसय्यांचं शेवटचं होतं. वाचून झाल्यावर मी त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी चुकीचं बोलले. मला माफ करा." ते हळूच म्हणाले, "परत एकदा वाचा की, बाई." मी परत वाचलं. ते अप्पांच्या पाया पडायला वाकले, तर अप्पांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून उभं केलं. "तुमी वाकू नका. माफी आमी मागायची हाय."

अप्पा, तुमचे गुडघे हल्ली कुरकुरतात, एवढं सोडलं तर तुमची तब्येत आम्हाला लाजवील अशी आहे. ती अशीच राहो, तुमची शंभरी आम्हाला याच मंडळींसह साजरी करता येवो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. त्यात माझा थोडा स्वार्थही आहे. माझी साठी आली, पण चुका करायचं वय काही अजून उलटलेलं नाही. चूक झाली की मी आजही आधी तुमच्याकडे येते, आणि यापुढेही मला यायचं आहे.