न उघडलेली फाईल

आजही कुणी माझ्या हातात पेन ड्राइव्ह दिला की ती घटना आठवते. नात विचारते, "आजी, उघडू का म्हणून दोन-दोनदा काहून विचारते?" मी वयावर ढकलून देते. पोलीस खात्यात राहून एवढं खोटं बोलता येतंच.

तेव्हा मी लाखांदूरकडच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. खांद्यावर दोन तारे आणि डोक्यात हवा.

फिर्यादी साठीचे पेंटर. जन्मभर नाटकांचे बोर्ड रंगवले, फ्लेक्स आल्यावर पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले. त्यांनी काढलेली शालूतली नायिका गावोगावच्या फ्लेक्सवर झळकत होती आणि खाली नाव पवनीच्या एका छपाईवाल्याचं.

"मॅडम, हे माह्या पोरीचं तोंड होय. पोरगी तर गेली. आता ती खताच्या जाहिरातीत बी दिसून राहिली."

"कॉपीराइटची नोंदणी आहे का?"

"नाही जी."

मी त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. चित्र काढलं की हक्क काढणाऱ्याचाच, नोंदणीची सक्ती नाही, हे आम्हा बाईसाहेबांना संध्याकाळी कायद्याचं पुस्तक उघडल्यावर कळलं. मग गुन्हा नोंदवला.

पुरात त्यांचे कागद आणि कॉम्प्युटर गेले होते. उरलेला एकमेव पेन ड्राइव्ह त्यांनी जमा केला. त्यात दोन फायली होत्या. एक जेपीजी, साध्या फोटोसारखी, ती लगेच उघडली. दुसरी भलीमोठी, ठाण्याच्या कॉम्प्युटरवर काही केल्या उघडेना. ठाण्याची लिखापढी करणारा रायटर म्हणाला, "मॅडम, व्हायरस असन."

"मग ठेवता कायले? उडवा," मी ऐटीत म्हणाले. पेंटर तोवर घरी गेले होते. ड्राइव्हवरच्या मोकळ्या जागेत आम्ही पंचनाम्याचे फोटो भरले.

आठवड्याने एका नाटक कंपनीच्या रंगभूषाकाराने खबर दिली, की पेंटर पूर्वी त्याच पवनीच्या दुकानात छपाईला जात. मी दोघांना समोरासमोर बसवलं.

"मूळ फाईल दाखव," मी छपाईवाल्याला म्हणाले. त्याने जेपीजी उघडली. मी ती मोठी करत गेले तसे चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

"हेच मूळ होय, मॅडम. मीच काढलो."

"मग हनुवटीवर हा डाग काहून काढला?"

"डाग? छपाईचा असन."

पेंटर खाली बघत म्हणाले, "सातवीत होती. तव्याचा चटका लागला होता जी."

छपाईवाल्याने जेपीजी बंद केली. मग म्हणाला, "यायनंच छापाले आणलं होतं. मी ठेवून घेतलो." फ्लेक्स उतरले. माझी मान मात्र ताठ झाली.

पुढे सायबर शाखेच्या अधिकाऱ्याने दोषारोपपत्रासाठी चित्राचे एकावर एक थर सुटे ठेवणारी मूळ फाईल मागितली. तीच, चित्र काढायच्या सॉफ्टवेअरशिवाय न उघडणारी, मी उडवलेली. मी पेंटरना बोलावून खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सगळ्यात खालच्या थरात पोरगी होती, मॅडम. जिवंत असताना पेन्सिलनं काढली होती, दोन वेण्या घालून. शालू, दागिने मंग कॉम्प्युटरवर वरून चढवले. मी रोज शालूचा थर बंद करून तिले पाहात होतो."

जेपीजीत सगळे थर एकात दाबलेले असतात. शालू बाजूला सारता येत नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेनेही हात टेकले, कारण त्या जागेवर आमचे फोटो बसले होते.

कबुली मिळवल्याबद्दल मला प्रशंसापत्र मिळालं. घेतलंही, फ्रेमसुद्धा केलं. पुढच्या सगळ्या नोकरीत, मला न कळणाऱ्या वस्तूला मालकाला विचारल्याशिवाय हात लावला नाही. शिकले ते एवढंच, आणि त्याची किंमत भरली दुसऱ्याने.

मुद्देमाल परत देताना पावती मीच लिहिली: एक पेन ड्राइव्ह, सुस्थितीत मिळाला. पेंटरनी ती दोनदा वाचली.

"असंच लिहा लागते काय जी?"

"फॉर्मच तसा असतो," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. फॉर्मवर तिथे नुसती रिकामी ओळ होती. 'सुस्थितीत' हा शब्द माझ्या अक्षरातला होता.