फ्रॉकमधला गोरिला

हनुवटीखाली दोन बोटं लावायची आणि आपलं तोंड हळूच डावीकडे वळवायचं, ही त्यांची सवय. मान कुठे वळवायची हे सांगण्यात ते शब्द वाया घालवत नसत. तोंड वळलं की समोर भिंतीवरचं काचेचं कपाट यायचं आणि मग ते म्हणायचे, "बघत बसा. बघायला पैसं न्हाईत. हात मात्र लावायचा न्हाय."

आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक बाक, आणि सकाळपासून सुरू असलेला रेडिओ. मी शिरोलीच्या एका ओतकामाच्या कारखान्यात ऑफिसला होतो. आठवडाभर साच्यांची काळी धूळ कॉलरवर घेऊन हिंडल्यावर रविवारी सकाळी त्या बाकावर बसायला बरं वाटायचं. सलूनमध्ये नट-नट्यांचे फोटो असतात हे तुम्हीही पाहिलं असेल. इथे एकही नव्हता. इथे कपाटभर खेळणी होती, आणि ती सगळी सिनेमाची होती.

चावी दिली की खुरडत चालणारा पत्र्याचा यंत्रमानव. वीतभर उंचीचा रबरी गोरिला. उडती तबकडी. घोड्यावरचा डाकू, ज्याचा घोडा केव्हाच तीन पायांचा झाला होता. पुठ्ठ्याचे मुखवटे. डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचे प्लास्टिकचे छोटे डबे, ज्यांत फिल्मचे तुकडे घातलेले असत. त्यांचे वडील गावातल्या एका थिएटरवर डोअरकीपर होते. नवा पिक्चर लागला की बाहेर फेरीवाले त्याच पिक्चरची खेळणी मांडायचे, आणि विकली न गेलेली शेवटच्या दिवशी वडिलांच्या हातावर ठेवून जायचे. इंग्रजी पिक्चरच्या रिळांच्या पेट्यांबरोबर मुंबईहून एक माणूस यायचा. यंत्रमानव आणि गोरिला त्याने आणून दिलेले. ही दोन खरी परदेशी.

पण नवीन गिऱ्हाईक हसायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. गोरिलाने हिरवा फ्रॉक घातलेला होता. यंत्रमानवाच्या खांद्यावर जरीच्या काठाची शाल होती. डाकूला लोकरीची बंडी होती.

"आमच्या आपानं शिवल्यात," ते सांगायचे. आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण. "तिला उघडं खेळणं चालायचंच न्हाय. गोरिला आला त्या दिवशी म्हणली, ह्येला थंडी वाजत आसंल. शेजारच्या शिंप्याकडनं चिंध्या आणल्या आनि बसली की शिवत."

हे सांगताना ते हसत नसत. आपण हसलो तर कात्री थांबवून आपलं हसू संपायची वाट पाहत.

एकदा एका हवालदारांनी दाढी करून घेता घेता कपाटातलं टिकल्यांचं पिस्तूल भाच्यासाठी मागितलं. मागितलं म्हणजे घेऊन जातो म्हणून सांगितलं. हे वस्तरा फिरवत राहिले. वस्तरा गळ्याजवळ आला तेव्हा म्हणाले, "हवालदारसाहेब, वस्तरा हातात हाय तवर मागू नका. माझा हात हलतोय." हवालदारांनी पुन्हा विषय काढला नाही, पण सलूनही बदललं नाही.

पुराचं पाणी गल्लीत शिरलं त्या साली माणसं गॅसची टाकी, टीव्ही, कपड्यांची बोचकी डोक्यावर घेऊन वर निघाली होती. हे कमरेएवढ्या पाण्यातून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आले. मागून त्यांची बायको पिठाचा डबा सावरत येत होती. शाळेच्या वर्गात आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो. तिथे तिने आल्या आल्या सांगून टाकलं, "पेटीत खेळणी हाईत त्यांची. मला वाटलं माझा लंबर दुसऱ्या खेपंला लागतोय." सगळे हसले. त्यांनी पेटी उघडून गोरिलाचा फ्रॉक हाताने चाचपला आणि कोरडा आहे हे बघून झाकण लावलं.

आपा हुपरीला दिलेली होती. सासरी घरातच चांदीचं काम, पैंजणाच्या कड्या जोडायचं. नवरा लवकर गेला, तरी तिने काम सोडलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने यायची, सलूनच्या बाकावर बसायची, चहा प्यायची. घरात भावा-बहिणीचं दखनी उर्दू चालायचं, आमच्यासमोर मात्र दोघं चोख कोल्हापुरी बोलत. इथल्या बायकांसारखं तीही 'मी येतो, मी जातो' म्हणायची. कपाटाकडे ती फारसं बघत नसे. मला वाटायचं, तिच्या लेखी ते लहानपणीच संपलं असावं.

मग एकदा ती आली आणि बाकावर बसायच्या ऐवजी बाकाच्या शेजारी बसायला गेली. त्यांनी धावत जाऊन दंड धरला म्हणून पडली नाही.

साखरेने डोळ्यांचं वाटोळं केलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब झालाय, इंजेक्शनं घ्या, मग ऑपरेशन. एक डोळा वाचेल, दुसऱ्याचं सांगता येत नाही. उशीर करू नका.

"बापानं जलमभर लोकांना पडद्याम्होरं नेऊन बसवलं," पुढच्या रविवारी ते मला म्हणाले. "आनि हिच्या डोळ्यातलाच पडदा फाटाय लागलाय." एवढं बोलून ते माझ्या मानेवर ब्रश फिरवत राहिले, मान साफ झाल्यावरही.

पुण्याचा एक तरुण जुनी खेळणी जमवायचा. कुणाकडून तरी ऐकून तो पूर्वी दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा यांनी त्याला चहा पाजला, "पावणं, बघायला कवाबी या," म्हणाले आणि वाटेला लावलं. या खेपेला त्याला यांनीच फोन केला.

त्याआधी ते हुपरीला जाऊन आले. "इचारायला गेलतो," त्यांनी सांगितलं. "निम्मा माल तिचा हाय की. मला वाटलं, रडंल. न्हाय म्हणंल. तर म्हणती, एवढी वर्सं ठिवलास कशाला?"

"मग?"

"मग काय. मी तिच्यासाठनं जपलं, आनि ती म्हणती कशाला." त्यांनी कात्री दोनदा हवेतच चालवली. "मला वाईट वाटलं, सर. इकायचं न्हवं, ह्येचं."

बातमी गल्लीत फिरली आणि गल्लीला राग आला. यात माझाही थोडा वाटा होता, कारण बातमी मीच घरी सांगितली होती. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्या कपाटाकडे बघत केस कापून घेतले होते, त्यामुळे ते कपाट आपलंच आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. एक निवृत्त गुरुजी आणि दोन दुकानदार सलूनमध्ये आले. गुरुजींनी छोटंसं भाषण केलं. हा आपल्या गल्लीचा ठेवा आहे, आपण वर्गणी काढू, पण आपला गोरिला पुण्याला जाऊ द्यायचा नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, वर्गणी तुमी गोरिलासाठी काढताय. डोळ्यासाठी कोण काढत न्हाय. ऱ्हाऊ दे. बसा, दाढी वाढलीया."

गुरुजी बसले. दुकानदार गेले. वर्गणी तिथेच राहिली.

पुण्याचा तरुण आला तेव्हा मी खुर्चीत होतो आणि अर्ध्या गालावर फेस होता. मुलगा सभ्य होता. हातात पांढरे सुती मोजे घालून त्याने एकेक खेळणं उचललं, उलटं केलं, तळाशी कोरलेलं वाचलं. मुखवटे, डबे, तबकडी घेतो म्हणाला. मग गोरिला आणि यंत्रमानवाजवळ थांबला.

"काका, खरी किंमत या दोघांची आहे. पण हे कपडे..." तो अडखळला. "मूळ अवस्थेत लागतात. कपडे अंगावरच शिवलेत, आत टाके गेलेत. मी पुण्याला नेऊन जपून काढून घेतो."

त्यांनी वस्तरा फडक्याला पुसला. माझ्या दुसऱ्या गालाला अजून हात लागला नव्हता.

बाकावरून आवाज आला, "गोरिला दे हिकडं."

आपा त्या दिवशी सांगलीहून इंजेक्शन घेऊन आली होती. हुपरीच्या गाडीला वेळ होता म्हणून बसली होती.

"आपा, पावणं करत्याल की ते."

"त्येंला गाठ कुठं मारलीया ठावं हाय व्हय? रबर फाडत्याल. दे."

त्यांनी गोरिला तिच्या मांडीवर ठेवला. तिने हात पुढे केला तशी टेबलावरची बारीक कात्रीही दिली. तिने गोरिलाला पालथा घातला, डोळे समोरच्या भिंतीकडे ठेवले आणि अंगठ्याने त्याच्या पाठीवरून मणक्यावर हात फिरवावा तसा हात फिरवत आली. मानेखाली अंगठा थांबला.

"ही बघ. दुहेरी मारलीया. अम्मी वरडलीती, दोरा किती घालीवतीस म्हणून."

कात्रीचं टोक तिने बोटाच्या आधाराने गाठीखाली नेलं. कट्ट असा बारीक आवाज आला. मग एकेक टाका. तो तरुण मोजे घातलेले हात मागे बांधून उभा होता. रेडिओ कोणीतरी बंद केला होता. माझ्या गालावरचा फेस सुकून कातडी ओढायला लागली, पण बोलायची सोय नव्हती.

फ्रॉक सुटला. आतला गोरिला गडद, जवळजवळ नवा होता. बाहेरचं डोकं आणि हात मात्र उजेडाने राखाडी पडले होते. इतकी वर्षं त्याच्याकडे बघितलं होतं, पण तो असा दोन रंगांचा असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आता त्यो पत्र्याचा दे," ती म्हणाली.

"आपा." ते खाली बसले, तिच्या पायांशी, कापलेल्या केसांतच. "एक ऱ्हाऊ दे की. शाल तेवढी."

"मग डॉक्टरला सांगतोस? डोळा बी जरा कमीच बरा कर म्हणून?"

ते उठले. यंत्रमानव आणून दिला आणि माझ्याकडे आले, वस्तरा हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. "सर, थांबा वाईच," म्हणाले आणि दाराबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. आतमध्ये टाके तुटत राहिले. सगळं झाल्यावर तिने मांडीवरच्या चिंध्या झटकून खाली टाकल्या.

"केर हाय," ती त्या तरुणाला म्हणाली, जणू त्याची समजूत घालायची होती. "न्या आता. नीट न्या."

तरुणाने सगळं फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात भरलं. हे आत आले तेव्हा त्याने आपणहून सांगितलं, "काका, काळजी करू नका. काचेच्या कपाटात ठेवणार. एसी आहे खोलीत."

"हितं बी काचंचंच हुतं," ते म्हणाले. "एसी न्हवता, एवढंच." मग त्यांनी कपाटातला तीन पायांचा घोडा काढला. त्याला कोणी विचारलंही नव्हतं. त्याच्यावरचा बंडी घातलेला डाकू सोडवून ठेवून घेतला आणि नुसता घोडा त्या खोक्यात टाकला. "ह्यो फुकट. सगळ्यांसंगट हुता, सगळ्यांसंगट जाऊ दे."

आपाची गाडी गाठून देऊन ते परतले, तेव्हा कुठे माझी उरलेली दाढी झाली. मग त्यांनी झाडू घेतला. केस बाजूला सारत आले आणि हिरवा फ्रॉक दिसला तिथे थांबले. तो उचलला, दोनदा झटकला, चिकटलेले केस नखाने काढले आणि कंगव्यांच्या खणात ठेवला. मी आरशातून बघत होतो हे त्यांना दिसत होतं. "फडकं म्हून उपेगी येतंय," ते म्हणाले.

किती रक्कम आली ते मी विचारलं नाही. ऑपरेशन झालं. उजवा डोळा वाचला. डावा गेला तो गेलाच. आपाने हुपरीचं काम सोडलं आणि भावाच्या घरी राहायला आली. सलूनच्या भिंतीवर रिकामं कपाट बरेच महिने तसंच होतं, मग त्यात टॉवेल ठेवायला लागले. नवी पोरं विचारायचीही नाहीत. जुनी माणसं एकदा बघायची आणि मोबाईल काढायची. मला वाटलं होतं, ते थोडे अबोल होतील. झाले नाहीत. उलट गिऱ्हाइकांशी पूर्वीपेक्षा जास्त भांडायला लागले.

आता सलून नाही. गुडघ्यांनी उभं राहणं अवघड केलं तेव्हा त्यांनी जागा सोडली आणि बायको-बहिणीला घेऊन मिरजेला लेकीकडे गेले. सलूनच्या जागी आता मोबाईलच्या काचा बसवून मिळतात.

जाण्याआधी मला ते शेवटचे दिसले ते मॉलमधल्या सिनेमात. मारामारीचा कुठलातरी पिक्चर होता, मी आणि माझी बायको गेलो होतो. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा पुढच्याच रांगेत हे दिसले. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, गाढ झोपलेले. मांडीवरची लाह्यांची पिशवी कलंडून अर्ध्या लाह्या खाली सांडल्या होत्या. शेजारी आपा ताठ बसली होती. दिवे लागले होते, पडद्यावर दंतमंजनाची जाहिरात चालू होती, आणि ती तीही चुकवत नव्हती.

मी हाक मारायला उठलो. तिने उजवा डोळा माझ्याकडे वळवला, ओळखलं आणि हात वर करून मला थांबवलं.

"झोपू दे त्येला," ती हळूच म्हणाली. "मला दिसतंय."