राजाची उडी

रहाटणीचे मारुतराव चाकणच्या कारखान्यात एकवीस वर्षं एकच काम करत आले होते. प्रेसमधून निघालेल्या पत्र्याच्या पार्टवर बोट फिरवायचं आणि डोळ्याला न दिसणारी चीर हुडकायची. बोट कधी चुकलं नाही. पण महिन्यापूर्वी लाइनवर कॅमेऱ्याचं मशीन बसलं, तेही म्हणे चीर हुडकणार, आणि हा गडी पार धास्तावला.

धीर द्यायला मोबाइलमधलं बुद्धिबळ होतं. त्यात ते रोज सपाटून हरत. एकदा मात्र त्यांनी राजाला घोड्यासारखं उडवायला बघितलं, तर मोबाइल ती चाल घेईचना. गावच्या पारावर नियम साधा: तोवर एकदाही शह बसलेला नसेल, तर राजाला डावात एकदा तशी उडी घेता येते.

"येवढं बी कळत न्हाई याला," ते लेकीला म्हणाले. "नुसती पोपटपंची. अक्कल न्हाई." तेवढ्या आधारावर त्यांना आठवडाभर झोप लागली.

लेक तेजस्विनी माण गावातल्या आयटी कंपनीत कामाला. बापाची गंमत करावी म्हणून तिने रविवारी लॅपटॉपवरच्या बुद्धिबळात पारावरचा नियम घातला. "खेळा आता, आप्पा."

मारुतरावांनी डाव झकास बांधला. पुढच्या चालीला मात! तेवढ्यात समोरचा राजा टुणकन उडाला आणि कोंडीतून निसटला. मारुतरावांनी लॅपटॉप लेकीकडे वळवला.

"किती येळा सांगितलंस त्याला?"

"एकदाच."

"मग अक्कल आली म्हनायची का?"

"ते मला नाही सांगता यायचं, आप्पा. पण आता ते विसरणार नाही."

सोमवारी कारखान्यात मॅनेजर कुलदीपसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. तिथेच मारुतरावांना धडकी भरली. आजवर कुणी खुर्ची दिली नव्हती.

"पंधरा दिवस चांगले आणि चिरलेले पार्ट निवडून मशीनला दाखवा. तुमच्यासारखं बोट कुणाचंय?"

"आन् सोळाव्या दिवशी, साहेब?"

साहेबांनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

मशीनपुढचा पहिलाच पार्ट चिरलेला निघाला. असे पार्ट चांगल्यांच्या ढिगात टाकत गेलं, तर मशीन चुकीचंच शिकेल आणि आपली भाकरी वाचेल, हे मारुतरावांना लख्ख कळलं. हात त्या ढिगावर गेला आणि तिथेच थांबला. एकवीस वर्षांत त्या हाताला ती चाल कुणी शिकवलीच नव्हती.

त्यांनी पार्ट चिरलेल्यांत ठेवला. कॅमेऱ्याने तो बघून घेतला, आणि मारुतरावांनी दुसरा उचलला.